मुख्याध्यापकाची खाजगी वही
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत शिक्षकी पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यांतील कित्येक तरुण शिक्षक-शिक्षिका आता मुख्याध्यापकपदी आरूढ होत आहेत. त्यांचे अभिनंदन तर आम्ही करतोच. परंतु त्यांच्या हाती एक कोरी वहीही द्यावी, असे आम्हांस वाटते.

शाळेत वह्यांची वाण नाही. हजेरीपट, जनरल रजिस्टर, किर्द, आवक-जावक, लॉगबुक अशी कितीतरी दप्तरे असतात. पण ती सारी वरिष्ठांना दाखवावयाची. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने अनुदानित शाळांच्या प्रमुखांवर लॉगबुक लिहिण्याची सक्ती केली. मात्र तीत सर्वसाधारण स्वरूपाचे चिंतन वा मत लिहिण्यास मनाई होती. घडले ते लिहावे, वाटले ते लिहू नये! दप्तरापुरता तो नियम योग्यच. पण मग चिंतनाने जावे कोठे?

नव्या मुख्याध्यापकाला ही अडचण फार जाणवते. काल ज्यांच्यासमवेत चहा घेतला, त्यांच्याच पाठाचे आज निरीक्षण करावयाचे. मन मोकळे करण्यास जागा उरत नाही. निर्णय घाईने होतात, आणि ते का घेतले हे महिन्याभराने स्वतःलाही आठवत नाही.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात कार्य चालू असतानाचा विचार आणि कार्य झाल्यावरचा विचार असा भेद सांगितला. ही वही दुसऱ्या विचारासाठी आहे. रात्री दहा मिनिटे बसावे आणि चार गोष्टी लिहाव्यात: काय घडले, आपण काय केले, तसे का केले, आणि पुढे काय पाहावयाचे. मुलांची व सहकाऱ्यांची नावे लिहू नयेत. महिन्याअखेर मागील पाने वाचावीत. खरा लाभ तेथेच आहे. समजा, एका मुलाला गैरहजेरीबद्दल तीनदा बोल लावले. पाने एकत्र वाचली म्हणजे दिसते, की तिन्ही वेळा आठवडेबाजाराचा दिवस होता. मग शिक्षेऐवजी त्याच्या घरी जाण्याची बुद्धी होते.

आणखी एक प्रश्न या वहीत असावा. तो या व्यासपीठावरून मांडताना आम्ही संकोच करणार नाही. प्रवेश देताना, वर्ग वाटताना, चूक पोटात घालताना आपल्या ज्ञातीच्या माणसाला आपण झुकते माप दिले काय? ज्ञातीचा अभिमान सभागृहात शोभतो. शाळेच्या उंबरठ्याआत सारी मुले एकाच ज्ञातीची. हा प्रश्न कोणताही तपासनीस विचारणार नाही. तो ज्याचा त्यानेच विचारावयाचा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. रोजची दहा मिनिटे धरली, तरी ३०० दिवसांत तेवढेच तास भरतात. वही प्रशिक्षणाची जागा घेणार नाही. पण शिकलेले अंगी मुरविण्याचे काम तीच करील.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे: ज्ञातीतील निवृत्त मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा या नवोदितांसमवेत बसावे, त्यांचे ऐकावे, अनुभव सांगावा, मात्र वही दाखवा, असे कदापि म्हणू नये. दुसऱ्याला दाखवावयाची म्हटली, की ती वही पुन्हा दप्तरच होते.