आहार, अंगगंध आणि स्त्रियांचे मौन

(समाजाच्या वार्षिक महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. परंतु जे चारचौघांत बोलले जात नाही, ते माजघरात कुजबुजले जाते, आणि कुजबुजीत शास्त्रापेक्षा दोषारोपच अधिक असतो. एखाद्या स्त्रीच्या अंगाला वास येतो, किंवा तिच्या अंगावरून पांढरे जाते, असे कळले की घरात दोन निर्णय तत्काळ दिले जातात. पहिला असा, की तिच्या खाण्यात काही उष्ण आले असावे. दुसरा असा, की ती पुरेशी स्वच्छ राहत नसावी. पहिल्या निर्णयाने तिचे ताट हलके होते आणि दुसऱ्याने तिची मान खाली जाते. या दोन्ही निर्णयांत तथ्य किती, याचा विचार आपण शांत चित्ताने करू.

प्रथम घामाचा विचार करू. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्या त्वचेत दोन प्रकारच्या घर्मग्रंथी आहेत. एका प्रकारच्या ग्रंथी सर्वांगावर असून त्यांचा घाम पाण्यासारखा असतो व शरीर थंड राखतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो तेव्हा आपण याच ग्रंथींच्या आधारावर तगून राहतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत व जांघेच्या परिसरात असून त्या वयात आल्यावर कार्य करू लागतात. त्यांचा स्राव स्निग्ध असतो. त्वचेवरील जंतू त्याचे विघटन करतात आणि त्यातून वास उत्पन्न होतो. हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच लागू आहे.

आता आहाराचा वाटा. लसणातील गंधकयुक्त द्रव्य रक्तात मिसळते व कित्येक तास श्वासावाटे आणि त्वचेवाटे बाहेर पडत राहते. मेथीची गोष्ट याहून मौजेची आहे. बाळंतिणीच्या खोलीत शिरताच येणारा गोडसर वास आपणा सर्वांस परिचित आहे. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला व लघवीला मेथीतील एका सुगंधी द्रव्यामुळे असा वास येतो. तो रोग नव्हे. पाणी कमी प्यायल्यास लघवी दाट होऊन उग्र वास येतो, तोही बहुधा पाण्यानेच जातो. आहाराचे हे परिणाम असे तात्पुरते आणि निरुपद्रवी असतात.

आपल्या विणकर समाजाच्या सावजी रश्शाची कीर्ती तांडापेठ-पाचपावलीपासून मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचली आहे. त्याच्या मसाल्याने अंगाला वास येतो, असा टोमणा परघरी गेलेल्या आपल्या मुलींनी क्वचित ऐकला असेल. त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बेचाळीस पुरुषांना लसूण खाऊ घालून त्यांच्या काखेतील घामाचा वास स्त्रियांकडून पारखून घेतला. बारा ग्रॅम लसूण खाल्ल्यावरचा वास, लसूण न खाल्लेल्या वेळच्या वासापेक्षा, अधिक सुखद ठरला! याच्या उलट, २००६ सालच्या दुसऱ्या एका लहान प्रयोगात मांसाहार बंद केलेल्या पुरुषांचा गंध अधिक पसंत पडला. या दोन लहान प्रयोगांवरून कोणी स्वयंपाकघराचे नियम ठरवू नयेत. तात्पर्य एवढेच, की अन्नाचा गंध आणि माणसाचा गंध एक नव्हेत. हे दोन्ही प्रयोग पुरुषांवर झाले, टोमणे मात्र स्त्रियांना ऐकावे लागतात, ही विसंगतीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अंगगंधाचा संबंध आहाराशी खरोखर जडतो, असा एक दुर्मिळ विकार मात्र आहे. महाभारतातील सत्यवतीची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. अंगाला माशाचा वास, म्हणून ती मत्स्यगंधा; पराशरांच्या वराने तो वास पालटला आणि ती योजनगंधा झाली. कथा ती कथाच. परंतु आधुनिक वैद्यकातही असा एक आनुवंशिक विकार नोंदलेला आहे. अंडी, मासे व काही डाळी यांतील घटकांपासून आतड्यांतील जंतू ट्रायमेथिलअमीन नावाचे द्रव्य बनवतात. निरोगी यकृत त्याचा वास नाहीसा करते. या विकारात ती शक्ती अपुरी असते, आणि घाम, श्वास व लघवी यांना माशासारखा वास येतो. स्त्रियांत तो पाळीच्या सुमारास वाढू शकतो. येथे पथ्य उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. स्वच्छतेचा येथे काडीचाही दोष नाही.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू. योनिमार्गात निसर्गानेच रखवालदार ठेवलेले आहेत. दह्यातील जंतूंच्या जातकुळीचे हे उपकारक जंतू दुग्धाम्ल तयार करतात आणि त्या आम्लतेमुळे घातक जंतूंना तेथे थारा मिळत नाही. म्हणूनच त्या भागाला किंचित आंबूस वास असणे आणि थोडा पांढरा वा पाण्यासारखा स्राव जाणे, हे आरोग्याचे लक्षण आहे. पाळीच्या चक्रानुसार व गरोदरपणात तो कमीजास्त होतो.

हे रखवालदार हटले की मात्र विकार उद्भवतो. करड्या, पातळ स्रावास माशासारखा वास येऊ लागला, तर तेथील जंतूंचा समतोल बिघडला असे बहुधा समजावे. आश्चर्य असे, की या वासाच्या मुळाशीही तेच ट्रायमेथिलअमीन असते. परंतु येथे ते त्या जागी वाढलेले जंतूच निर्माण करतात. अशा स्त्रीचे ताट कितीही सात्त्विक केले तरी उपयोग होत नाही. औषधच घ्यावे लागते. चोथापाण्यासारखा पांढरा स्राव आणि असह्य खाज असेल तर बहुधा बुरशी असते; तिला फारसा वास नसतो. पिवळसर-हिरवट, फेसाळ, दुर्गंधीयुक्त स्राव हा संसर्गाचा असू शकतो, आणि त्यात पती-पत्नी दोघांनीही औषध घ्यावयाचे असते.

मग आहाराचा येथे काहीच संबंध नाही का? आहे, परंतु आपण समजतो तो नव्हे. लसूण, वांगे वा मसाला यांनी धुपणी लागते, यास भक्कम पुरावा नाही. रक्तातील साखर वाढलेली असेल तर बुरशी पुनःपुन्हा होते. म्हणून वारंवार खाज येणाऱ्या भगिनीने मधुमेहाची तपासणी अवश्य करावी. पाण्याचे महत्त्व तर प्रयोगाने सिद्ध आहे. मूत्राशयाच्या संसर्गाने वारंवार पीडित असलेल्या व पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी अधिक घेतले, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. बाहेर सोय नाही म्हणून दिवसभर तहान मारणाऱ्या आपल्या मुलींनी व नोकरदार भगिनींनी हा आकडा ध्यानात ठेवावा. दही-ताक अवश्य खावे. परंतु ते औषधाची जागा घेत नाही, आणि दही वा लसूण त्या जागी लावणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

पांढरे गेल्याने अंगातील शक्ती वाहून जाते, ही समजूतही सोडावयास हवी. अशक्तपणाचे कारण पुष्कळदा रक्तक्षय हेच असते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत तो आढळला. अशा स्त्रीला 'उष्ण' म्हणून गूळ, अंडी, मटण वा डाळी वर्ज्य करणे म्हणजे दुखण्यावर उपासमारीची भर घालणे होय. तिला भाकरीसोबत पालेभाजी, डाळ, मोड आलेली कडधान्ये, चालत असल्यास मांस, आणि जेवणासोबत लिंबू वा आपले संत्रे हवे. त्यातील क जीवनसत्त्वाने अन्नातील लोह अंगी लागते. शिवाय रक्त तपासून लोहाच्या गोळ्याही घ्याव्यात.

स्वच्छतेविषयी सांगावयाचे तर बाहेरील भाग साध्या पाण्याने धुवावा, सुती वस्त्र वापरावे आणि ओले वस्त्र बदलावे. आतून साबण, तुरटी वा जंतुनाशक पाण्याने धुणे म्हणजे रखवालदारांनाच घरातून हाकलून देणे होय. बाजारातील सुगंधी द्रावणांची मुळीच गरज नाही.

अखेर मौनाविषयी. आपल्या नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार, त्यांतील निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के! उरलेल्यांचे काय झाले असेल? त्यांनी सोसले.

ही जबाबदारी केवळ स्त्रियांची नव्हे. ज्या जंतु-असमतोलाने माशासारखा वास येतो, तो औषधानंतर पुनःपुन्हा उलटतो. ऑस्ट्रेलियातील जोडप्यांवर केलेल्या व २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पतीलाही औषध दिले असता बारा आठवड्यांत ३५ टक्के स्त्रियांत तो उलटला. केवळ स्त्रीलाच औषध दिले तेथे ६३ टक्क्यांत. बंधूंनो, या आकड्यांचा अर्थ मी आपणास अधिक विशद करून सांगण्याची आवश्यकता नाही.

माता-भगिनींनो, वास पालटला, खाज वा जळजळ झाली, ओटीपोटात दुखून ताप आला, तर आठवडे मोजत बसू नका. पाळी गेल्यानंतर रक्त वा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला तर त्याच आठवड्यात तपासणी करा. तेथे कर्करोगाची शंका फेडून घ्यावीच लागते. आणि सासूबाईंनो, सुनेने असे काही सांगितले तर तिचे पथ्य ठरवण्याआधी तिच्यासोबत दवाखान्यात चला. तिचे ताट भरलेले राहू द्या, आणि तिची मान ताठ राहू द्या.