काचेचा गोळा आणि छायाचित्र

काचेच्या भरीव गोळ्यांतून दिसणारें जग छायाचित्रांत उतरविण्याचा छंद अलीकडे पुष्कळांस लागला आहे. गोळा समोर धरावा, त्याच्यापलीकडे एखादें देऊळ किंवा तळें असावें, आणि तें सबंध दृश्य लहानसें होऊन गोळ्यांत उलटें लटकलेलें दिसावें, अशीं हीं चित्रें असतात. पाहणारा क्षणभर चकित होतो आणि ‘नुसती करामत’ म्हणून पान उलटतो. माझें म्हणणें असें कीं, ही करामत नव्हे. कॅमेऱ्याच्या काळ्या पेटींत जें नेहमीं झांकलेलें असतें, तेंच हा गोळा उघड्यावर करून दाखवितो.

प्रकाशाचा किरण हवेंतून काचेंत शिरतांना वांकतो आणि बाहेर पडतांना पुन्हां वांकतो. यालाच आपण शाळेंत वक्रीभवन म्हणत आलों. साध्या काचेचा वक्रीभवनांक सुमारें १.५ असतो. अशा गोळ्यांतून जाणारे दूरच्या वस्तूंचे किरण पलीकडच्या बाजूस, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर एकत्र येतात. गोळा ८ सेंटिमीटर व्यासाचा असल्यास हें अंतर २ सेंटिमीटर भरतें. वरून आलेला किरण खालीं आणि खालून आलेला वर जात असल्यामुळें चित्र उलटें पडतें. आपल्या डोळ्याच्या पडद्यावरही तें उलटेंच पडतें. सुलट मानण्याचें काम मेंदू करतो.

याचा पडताळा घरीं घ्यावा. दिवसां खोलीच्या आंतल्या बाजूस उभें राहून गोळा खिडकीकडे धरावा आणि आपल्या बाजूनें एक पातळ कागद हळूहळू त्याच्याजवळ न्यावा. बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर खिडकी, तिचे गज आणि बाहेरचें झाड कागदावर उलटें उमटतें. म्हणजे चित्र गोळ्याच्या पोटांत नाहीं. तें गोळा आणि पाहणारा यांच्यामध्यें, हवेंत आहे! वर्गांत मी हा प्रयोग करीत असें, तेव्हां ज्या मुलांना पुस्तकांतील आकृति कळत नसे, तींही कागद पुढेंमागें सरकवूं लागत.

छायाचित्रकारानें यांतून घ्यावयाचा धडा हा कीं, कॅमेऱ्याची नजर गोळ्याच्या पृष्ठभागावर न लावतां त्या अलीकडच्या चित्रावर लावावी. पृष्ठभागावर लावली, तर बोटांचे ठसे स्पष्ट येतात आणि दृश्य पुसट. भिंगाचें द्वार मोठें, एफ ४ च्या आसपास ठेवावें, म्हणजे पार्श्वभूमि विरघळून नुसते रंग उरतात. मोबाइलचें भिंग बारीक असल्यामुळें त्यांत हें सहज साधत नाहीं. तेथें गोळ्याच्या अधिक जवळ जावें. कडेचे किरण मधल्या किरणांशीं नेमके मिळत नाहींत, म्हणून मुख्य विषय मध्यभागीं आणावा. गोळा घरंगळूं नये म्हणून खालीं एखादी बांगडी ठेवावी.

विषय कोणता निवडावा? मुंबईच्या मरीन ड्राइव्हचें उदाहरण घ्या. सूर्य मावळून दिवे लागल्यावर गोळा समुद्राकांठच्या कठड्यावर ठेवला, तर दिव्यांची मूळचीच वांकडी रांग गोळ्याच्या गोलाईशीं जुळून येते. चित्र फिरविल्यास शहर सुलट होतें, पण कठडा वर जातो. म्हणून कठडा चौकटीबाहेर ठेवावा, नाहीं तर चित्र आहे तसेंच राहूं द्यावें. मला दुसरें बरें वाटतें. प्रकाशानें केलें तें लपवावें कशास?

आतां एक इशारा, आणि तो थट्टेवारी नेऊं नये. जेथें चित्र पडतें, तेथेंच सूर्याची उष्णताही एकवटते. याच गुणावर जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यांनीं १८५३ सालीं ऊन मोजण्याचें यंत्र बनविलें आणि जॉर्ज स्टोक्स यांनीं १८७९ सालीं तें सुधारलें. गोळ्यामागील पुठ्ठ्याच्या पट्टीवर ऊन जळकी रेघ ओढतें आणि रेघेच्या लांबीवरून उन्हाचे तास कळतात. जें पुठ्ठा जाळतें, तें पडदा, गादी आणि तळहातही जाळील. म्हणून गोळा खिडकींत कधींही ठेवूं नये. काम होतांच कापडांत गुंडाळून पेटींत बंद करावा. त्यांतून सूर्याकडे तर मुळींच पाहूं नये.

घरांतील मुलांनीं हा छंद धरला, तर त्यांच्या हातीं कॅमेऱ्याआधीं तो पातळ कागद द्यावा. चित्र कोठें पडतें हें त्यांना स्वतः शोधूं द्यावें. आणि तेथेंच विस्तवही असतो, हें त्याच वेळीं सांगून ठेवावें.