निःशब्द जोडणीची मुदत

मेनफ्रेम संगणकाशी जोडलेल्या पटलापुढे कारकून कागद चाळीत बसला, की जोडणी निःशब्द होते. मधली संरक्षक यंत्रणा, म्हणजे फायरवॉल, अनेक ठिकाणी तासाभराने तिची नोंद पुसून टाकते. दोन्ही टोकांना त्याची वार्ताही नसते. कारकुनाने अर्धवट भरलेला मजकूर वाया जातो आणि पटलाचे नाव मेनफ्रेमकडे अडकून राहते.

‘जोडणी जिवंत आहे काय?’ असे विचारणाऱ्या संदेशाची मूळ मुदत १९८९ च्या इंटरनेट मानकाने किमान दोन तास ठरविली. २००८ च्या मानकाने पत्ते बदलणाऱ्या मधल्या यंत्रांना किमान दोन तास चार मिनिटे थांबावयास सांगितले. त्या चार मिनिटांतच सारी मेख आहे! पृच्छा आधी व्हावयास हवी, विस्मरण नंतर. म्हणून फायरवॉलची मुदत तासाची असल्यास मेनफ्रेमवरील मुदत अर्ध्या तासावर आणावी. क्षणोक्षणी विचारणा मात्र नको. तारेतील क्षणिक खंडानेही धडधाकट जोडणी तुटावयाची.