पैसा मुंबईचा, गाडी इटलीची : महिंद्राच्या शर्यतसंघाची गोष्ट

(कसबा पेठेतील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शिवचरित्र आणि ज्ञानेश्वरी ऐकायची सवय असलेल्या या व्यासपीठावर मोटरसायकलच्या शर्यतींचा विषय मांडायचा म्हटल्यावर संयोजकांना थोडी धाकधूक होती. मी त्यांना म्हटलं, सभा सुटल्यावर बाहेर बघा. फडके हौदापर्यंत लावलेल्या दुचाकींपैकी निम्म्या तुमच्याच असतील. तांबट आळीतून समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींना न घासता काढायचं कसब या पेठेत सातवीतल्या पोराकडेही असतं, आणि ते त्याच्याकडे असू नये हा भाग वेगळा. हेल्मेटच्या विषयात मी आज शिरत नाही. जिवंत घरी जायचं आहे.

पुण्यानं देशाला दुचाकीवर बसवलं. फिरोदियांची लूना १९७२ ची, बजाजची चेतकही १९७२ चीच. पण शर्यतीच्या जागतिक मैदानात आपल्याकडची गाडी उतरायला २०११ साल उजाडावं लागलं. ती उतरवली महिंद्रानं.

सुरुवात पुण्याच्याच एका व्यवहारातून झाली. २००८ मध्ये महिंद्रानं फिरोदियांच्या कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय घेतला. त्याच वर्षी इटलीत बोलोन्याजवळची ‘इंजिन्स इंजिनिअरिंग’ ही आरेखन करणारी कंपनीही विकत घेतली. स्कूटर विकणाऱ्या कंपनीला एकदम जागतिक शर्यत कशाला हवी, असं तेव्हा अनेकांनी विचारलं. उत्तर सरळ होतं. बाजारात नाव नव्हतं, आणि नाव कमवायचा हा झटपट रस्ता वाटला. मार्च २०११ मध्ये कतारला १२५ सीसीच्या गटात महिंद्राच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या. एकीवर इंग्लंडचा डॅनी वेब, दुसरीवर जर्मनीचा मार्सेल श्रोटर. हंगामाच्या शेवटी व्हॅलेन्सियाला वेबनं पात्रता फेरीत पहिलं स्थान मिळवलं. ती १२५ सीसी गटाची इतिहासातली शेवटची शर्यत. पुढच्या वर्षापासून दोन-स्ट्रोक गाड्या गेल्या आणि त्यांच्या जागी मोटो३ आलं.

मोटो३ म्हणजे २५० सीसी, एकच सिलिंडर, चार-स्ट्रोक. आकडा ऐकून हसू नका. ताकद ५५ अश्वशक्तीच्या आसपास आणि स्वारासकट सगळं वजन कसंबसं दीडशे किलो. तुमच्या ॲक्टिव्हाची ताकद सात-आठ अश्वशक्ती आहे, म्हणजे हिशेब करा. सगळ्यांची इंजिनं जवळजवळ सारखी, त्यामुळे एकटा पुढे पळून जाणं अवघड. पुढच्यानं हवा कापायची आणि मागच्यानं टाकीवर हनुवटी टेकवून, कोपरं आत घेऊन त्याच्या आडोशात वेग साठवायचा. सरळ रस्ता संपता संपता बाहेर पडायचं आणि त्याच्याआधी वळण गाठायचं. असे दहा-बारा जण एका झुंडीत पळत असतात. जो शेवटच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे असतो तो बहुधा फसतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आडोशात बसलेले असतात.

२०१२ चा हंगाम फार वाईट गेला. महिंद्रानं मग स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीला हाताशी धरून नवी गाडी बांधली. तिच्यावर पोर्तुगालच्या मिगेल ओलिव्हेरानं ऑक्टोबर २०१३ मध्ये सेपांगला तिसरा क्रमांक मिळवला. पुढे गाडी दुसऱ्या संघांनाही विकली जाऊ लागली, आणि इटलीत व्हारेसेजवळ बेसोत्सोला महिंद्राची स्वतःची कार्यशाळा उभी राहिली. २०१५ पासून मुख्य संघ चालवायला स्पेनच्या आस्पार संघाकडे दिला. तिथे दोन पोरं आली. एक तुरीनचा फ्रान्चेस्को बान्याया, दुसरा माद्रिदकडचा होर्हे मार्टिन.

२६ जून २०१६, हॉलंडमधलं आसेन. हे मैदान १९४९ पासून जागतिक स्पर्धेत आहे. तिथली शर्यत कायम शनिवारी व्हायची, त्या वर्षी पहिल्यांदा रविवारी झाली. झुंडीतून बान्याया सेकंदाच्या अंशानं पुढे निघाला आणि भारतीय कंपनीच्या गाडीनं पहिली ग्रां-प्री, म्हणजे जागतिक स्पर्धेतली शर्यत, जिंकली. ऑगस्टमध्ये ब्रनोला पावसात मार्टिन दुसरा आला. पहिला आलेला जॉन मॅकफी प्यूजो नावाच्या गाडीवर होता, पण ती मुळात महिंद्राचीच. प्यूजोच्या दुचाकी कंपनीचा मोठा हिस्सा तेव्हा महिंद्राकडे होता. ऑक्टोबरमध्ये सेपांगला बान्याया पुन्हा जिंकला. त्या रविवारी पुण्यात किती घरांत टीव्ही लागला होता? आपलं सगळं लक्ष क्रिकेटकडे.

आणि २०१७ च्या अखेरीस महिंद्रानं दुकान बंद केलं. रस्त्यावरच्या दुचाकींचा धंदा तोट्यात होता, नवा पैसा विजेवरच्या फॉर्म्युला ई मोटारींकडे वळला. कंपनीच्या वहीत हे बरोबरच दिसत असणार. माझं म्हणणं वेगळं आहे. सात वर्षं नाव आपलं आणि पैसा आपला, पण हात इटालियन आणि स्विस होते. चिंचवडला कंपनीचं दुचाकी संशोधन केंद्र होतं, तरी दुकानात मिळणाऱ्या महिंद्राच्या सेंचुरो मोटरसायकलचा आणि आसेन जिंकणाऱ्या गाडीचा काही संबंध ग्राहकाला कधी दिसला नाही. चेन्नईच्या सरथ कुमारला २०११ मध्ये थोडीशी संधी मिळाली. नियमित स्वारांत भारतीय एकही नव्हता. होसूरच्या टीव्हीएसचा संघ १९८२ पासून इथल्याच मैदानांवर इथलीच पोरं घडवतो आहे. त्याला जागतिक झगमगाट नाही, पण तो टिकला.

तरीही या संघाला मी अपयशी म्हणणार नाही. स्वार ओळखायची त्याची नजर अचाट होती. ब्रॅड बाइंडर २०१४ मध्ये महिंद्रावर झाक्सेनरिंगला दुसरा आला, मग केटीएम कंपनीच्या गाडीवर जाऊन २०१६ चा मोटो३ विजेता झाला. २०२० मध्ये केटीएमला मोटोजीपी या सर्वोच्च गटातला पहिला विजय त्यानंच दिला, आणि दुसरा ओलिव्हेरानं. आता गंमत अशी की त्या केटीएममध्ये जवळजवळ निम्मा हिस्सा आकुर्डीच्या बजाजचा होता. मुंबईकरांनी पेरलं, पुणेकरांनी कापलं! बान्याया २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विश्वविजेता, मार्टिन २०२४ चा. मार्को बेत्सेक्की पहिल्या तीन क्रमांकांत पहिल्यांदा आला तो २०१७ मध्ये जपानमध्ये, तोही महिंद्रावरच.

२४ सप्टेंबर २०२३ ला भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली, ग्रेटर नोएडाला. बेत्सेक्की पहिला आला, मार्टिन दुसरा. महिंद्राची गाडी त्या दिवशी कुठल्याच गटात नव्हती.