भंगाराचा भाव कोण ठरवतो?

(कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)

‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द आता उद्योगपतींच्या परिषदांतूनही मोठ्या आवडीने उच्चारला जातो. वापरलेली वस्तू पुन्हा उत्पादनात यावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मग हे चक्र अडते कुठे? लोक बेशिस्त आहेत, तंत्रज्ञान अपुरे आहे, अशी उत्तरे मिळतात. माझ्या मते ते मुख्यतः किमतीपाशी अडते.

प्लास्टिकचेच पाहा. नवे प्लास्टिक खनिज तेल व वायूपासून बनते. तेल उतरले की तेही स्वस्त होते. जुन्या प्लास्टिकचा खर्च मात्र वेचणे, निवडणे, धुणे, वाहून नेणे या श्रमांचा असतो. तो तेलाबरोबर उतरत नाही. २०१४ च्या मध्यास पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्या खाली गेले. २०२० मध्ये ते पुन्हा कोसळले. दोन्ही वेळी पुनर्वापराचे कारखाने अडचणीत आले. नव्या मालाच्या किमतीत प्रदूषणाचा आणि विल्हेवाटीचा खर्च धरलेलाच नसतो. तो समाज भरतो. आमच्या शास्त्रात याला ‘बाह्य परिणाम’ असे सोज्ज्वळ नाव आहे!

श्रीमंत देशांनी यावर सोपी युक्ती काढली होती: कचरा चीनला धाडावा. २०१८ च्या आरंभी चीनने ते दार लावले, तेव्हा तोच माल मलेशिया, थायलंड, व्हिएतनामकडे वळला.

जिथे काही साधले, तिथे ते बाजाराने आपण होऊन केलेले नाही. जर्मनीने २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयबाटल्यांवर अनामत बसवली. नॉर्वेने उत्पादकाचा कर संकलनाशी जोडला. ९५ टक्के बाटल्या परत आल्या की तो कर माफ. स्वीडनने २०१७ साली सायकली, पादत्राणे, कपडे यांच्या दुरुस्तीवरील कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये प्लास्टिक भंगारावरचा वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. ज्या धंद्यात बिनपावतीचे व्यवहार आधीच फार, तिथे अशा वाढीने पावती देणाऱ्याचीच कोंडी होते.

आणि भाव पडला की तोटा कोणाच्या पदरात पडतो? कारखानदार खरेदी थांबवतो, भंगारवाला दर उतरवतो. कचरावेचक बाईला दर उतरवायला खाली कोणी नसते. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती या बायांना कामगार म्हणून ओळख मिळावी म्हणून. २०२२ च्या नियमांनी उत्पादकाची जबाबदारी प्रमाणपत्रांत मांडली. ही प्रमाणपत्रे नोंदणीकृत प्रक्रियादाराला मिळतात, त्याने ती विकावीत. वेचणारीचा वाटा त्यांत बांधून दिलेला नाही. शेतमालाच्या हमीभावासाठी आपण रस्त्यावर उतरलो. निवडलेल्या भंगारालाही किमान दर ठरावा आणि बाजारभाव त्याखाली गेल्यास फरक नवे प्लास्टिक बनवणाऱ्यांकडून वसूल व्हावा, ही मागणी आपल्या पुढच्या ठरावात यावी.