डोमेन नावांचा व्यापार : लाभ, धोका आणि मर्यादा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण, विवाह, आरोग्य या विषयांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज एका निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची आमची इच्छा आहे. तो विषय म्हणजे इंटरनेटवरील डोमेन नावांची खरेदी-विक्री. हा विषय निवडण्याचे कारण असे की, आपल्यातील काही होतकरू तरुण आणि नुकतेच सेवानिवृत्त झालेले काही गृहस्थ या व्यवहाराकडे गुंतवणुकीचे साधन म्हणून पाहू लागले आहेत. 'हजार रुपयांत नाव घ्यावे आणि लाखाला विकावे' अशी भाषा कानी येते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अर्धीच सांगितली जाते. उरलेला अर्धा भाग ऐकल्यावाचून कोणी भविष्यनिर्वाह निधीचा पैसा त्यात घालू नये, एवढ्याचसाठी हे विवेचन आहे.

प्रथम डोमेन नाव म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रास टेलिफोनसारखा एक क्रमांक असतो. असे लांबलचक क्रमांक माणसाच्या स्मरणात राहणे कठीण, म्हणून त्या क्रमांकांस नावे जोडण्याची पद्धती सन १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने सिद्ध केली. 'डॉट कॉम' या शेवटाचे पहिले नाव दिनांक १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. ते 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम' होय. त्या काळी नोंदणीस काही मोल पडत नसे. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांस १०० डॉलर अशी आकारणी सुरू झाली. सन १९९८ मध्ये या सर्व व्यवस्थेच्या समन्वयासाठी अमेरिकेत 'आयकॅन' ही संस्था स्थापन झाली. आपल्या देशाच्या 'डॉट इन' या शेवटाची नोंदवही 'निक्सी' ही संस्था सांभाळते. सन २००५ पासून ती सर्वांस खुली झाली. आज 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' नाव वर्षाकाठी साधारण हजार-दीड हजार रुपयांत, वा त्याहूनही कमी खर्चात नोंदता येते.

एक नाव जगात एकालाच मिळते, आणि जो प्रथम मागेल त्याला मिळते. येथेच व्यापाराचा उगम आहे. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव सन १९९७ मध्ये दीड लाख डॉलरना विकत घेतले गेले आणि सन १९९९ च्या अखेरीस ७५ लाख डॉलरना विकले गेले. सन २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' या नावाचे ३ कोटी डॉलर आले. हे व्यवहार खरे आहेत व ते जाहीर झालेले आहेत. परंतु श्रोतेहो, लॉटरीत बक्षीस मिळालेल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. ज्यांची तिकिटे वाया गेली त्यांची गणती कोणी छापीत नाही. शिवाय या मोठ्या विक्रीतील नावे पाहावीत. ती व्यापार, आवाज, विमा असल्या नित्याच्या एकेका शब्दाची आहेत, आणि तसली नावे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच कोणा ना कोणाच्या हाती गेली. आज नवख्यास हजार रुपयांत जे नाव मिळते, ते बहुधा पूर्वी कोणासही नकोसे वाटलेले असते.

आता या व्यवहाराच्या मर्माकडे वळू. डोमेन नाव 'विकत घेतले' असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः ते कोणी विकत घेतच नाही. ते मुदतीच्या भाड्याने घेतले जाते. एका वेळी फार तर दहा वर्षांचे भाडे आगाऊ भरता येते. कायमची मालकी कोणत्याही किमतीस मिळत नाही. मुंबईच्या चाळीत किंवा गाळ्यात पागडी देऊन राहिलेल्या मंडळींस हा प्रकार समजावून सांगावयास नको. पागडीची रक्कम मोठी असते, ती आधीच्या भाडेकरूच्या हाती पडते आणि तरीही घरमालकाचे भाडे चालूच राहते. पंच्याहत्तर लाख डॉलर देणाऱ्यानेही पागडीच दिली. फरक एवढाच की, पागडीच्या भाडेकरूस भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. डोमेनचे भाडे चुकले तर मात्र थोड्याच दिवसांत नाव हातचे जाते. 'डॉट कॉम' सारख्या नावांच्या बाबतीत मुदत संपल्यावर साधारणतः काही आठवड्यांची सवलत, नंतर जादा दंड भरून सोडविण्याचे ३० दिवस आणि शेवटी ५ दिवसांची प्रतीक्षा, एवढाच अवसर असतो. पुढे ते नाव जो प्रथम टिपेल त्याचे. किंबहुना, चांगले नाव असेल तर त्याच्या आधीच त्याचा लिलाव होऊन जातो.

सबब, जमिनीशी किंवा सोन्याशी याची तुलना करणे युक्त नाही. सोने पेटीत पडून राहिले तर ते खात नाही. नाव पडून राहिले तर दरवर्षी खाते. थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या गृहस्थाने शंभर नावे घेतली व प्रत्येकास वर्षाला बाराशे रुपये पडले. म्हणजे वर्षाचा खर्च १ लक्ष २० हजार झाला. यापैकी एक नाव दरसाल ५० हजारांस विकले गेले, तर मित्रमंडळींत त्याचा मोठा बोलबाला होईल. परंतु वहीत पाहिले तर त्या वर्षी ७० हजारांची तूट दिसेल, आणि दलाली त्यातून अजून वजा व्हावयाची आहे. बँकेत ठेवलेले १ लक्ष २० हजार वर्षअखेर मुद्दल म्हणून शिल्लक राहतात. येथे मुद्दलच खर्ची पडते. पाच वर्षे कोणी गिऱ्हाईक आले नाही, तर ६ लक्ष रुपये गेले आणि हाती केवळ शंभर शब्दांची एक यादी उरली. 

'नावे मर्यादित आहेत, म्हणून भाव चढणारच' असाही एक युक्तिवाद केला जातो. तोही तपासून घेतला पाहिजे. सन २०१२ मध्ये आयकॅनने नवीन शेवटांसाठी अर्ज मागविले तेव्हा १९३० अर्ज आले आणि पुढील काही वर्षांत शेकडो नवे शेवट चालू झाले. ज्यास 'डॉट कॉम' मिळाले नाही तो 'डॉट शॉप' घेतो आणि धंदा चालवितो. कोणत्या शेवटास केव्हा मागणी येईल हेही सांगता येत नाही. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या चिमुकल्या बेटाच्या वाट्यास 'डॉट एआय' हा शेवट योगायोगाने आला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा सुरू होताच सन २०२३ मध्ये त्या बेटाच्या सरकारास केवळ या नोंदणीतून सुमारे ३ कोटी २० लक्ष डॉलर मिळाले. तात्पर्य ध्यानी घ्यावे. जत्रेत कोणाचे दुकान चालेल आणि कोणाचे बसेल हे सांगवत नाही. जागेचे भाडे घेणारा मात्र दोघांकडूनही घेतो.

याचा अर्थ या व्यापारात प्रामाणिक लाभ नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. थोडक्या अक्षरांचे, उच्चारास सुलभ, टेलिफोनवर एकदा सांगितले असता ऐकणाऱ्यास बिनचूक लिहिता येईल असे नाव, आणि ते वापरून धंदा वाढवू शकेल असा खराखुरा ग्राहक, या दोहोंची गाठ ज्यास घालून देता येते त्यास मोबदला मिळणे न्याय्यच आहे. परंतु ही गुंतवणूक नव्हे, हा व्यापार आहे. त्यास व्यापाऱ्याची नजर, धीर आणि बुडाले तरी घर चालेल एवढेच भांडवल लागते.

आता नीतीचा आणि कायद्याचा प्रश्न. कित्येकांस असे वाटते की, नामवंत कंपनीचे नाव तिच्या आधी आपण नोंदून ठेवावे म्हणजे ती धावत येऊन मागू ती किंमत देईल. हा व्यापार नव्हे. ही दुसऱ्याच्या नावलौकिकावरील अडवणूक होय, आणि कायदाही तिला तसेच लेखतो. सन १९९९ मध्ये आयकॅनने अशा तंट्यांसाठी नियम केले. नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी फसवे साम्य राखणारे आहे, धारकाचा त्यावर न्याय्य हक्क नाही आणि ते दुष्ट हेतूने नोंदले व वापरले आहे, या तीन गोष्टी सिद्ध झाल्या की नाव काढून घेतले जाते. बदल्यात छदामही मिळत नाही. या नियमांखालील जिनीव्याच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढील पहिल्याच प्रकरणात एका इसमाने कुस्तीच्या एका प्रसिद्ध संस्थेचे नाव नोंदून तीनच दिवसांत ते तिलाच १००० डॉलरना देऊ केले होते. जानेवारी २००० मध्ये निकाल झाला आणि नाव त्या संस्थेस मिळाले.

आपल्या देशातही हाच न्याय आहे. सन १९९९ मध्ये 'रेडिफ' शी साम्य असलेले 'रॅडिफ डॉट कॉम' हे नाव वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने 'याहूइंडिया डॉट कॉम' बाबत तसाच हुकूम दिला. सन २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी' च्या प्रकरणात स्पष्ट केले की, डोमेन नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाप्रमाणेच संरक्षणास पात्र आहे. तेव्हा एखादे अक्षर इकडचे तिकडे करून मोठ्या नावाच्या सावलीत बसणे हे न्यायालयातही टिकत नाही आणि चार माणसांतही शोभत नाही. ज्या पूर्वजांनी पाटीवरील नावाला बट्टा लागू नये म्हणून तोटा सोसून शब्द पाळला, त्यांच्या वंशजांनी दुसऱ्याच्या पाटीवर डोळा ठेवू नये.

एका फसवणुकीचाही इशारा देणे अगत्याचे आहे. आपण नाव विक्रीस ठेवले की एखादे दिवशी पत्र येते : 'आपले नाव पसंत आहे, अमुक लाख देतो, फक्त अमक्या ठिकाणाहून त्याचा मूल्यांकनाचा दाखला घ्या.' दाखल्याची फी भरली की ग्राहक अदृश्य होतो, कारण ग्राहक आणि दाखला देणारा एकच असतो. खरा ग्राहक विक्रेत्यास फी भरावयास लावीत नाही. तो पैसे तिऱ्हाईत विश्वस्ताकडे ठेवतो आणि नाव त्याच्या खात्यावर आले की ते पैसे विक्रेत्यास मिळतात. मोठा व्यवहार याच रीतीने करावा.

आता जे सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत ते सांगतो. दुसऱ्यास विकण्यासाठी शंभर नावे घेण्यापूर्वी आपले स्वतःचे एक नाव आपल्या ताब्यात आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे. आपल्यात पेढीवाले, छापखानेवाले, वैद्य, वकील, खाणावळ चालविणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी कित्येकांचे संकेतस्थळ आहे. परंतु ते ज्या नावावर चालते त्याची नोंद ते तयार करून देणाऱ्या मुलाच्या नावे असते. तो मुलगा गाव सोडून गेला, किंवा त्याचे व आपले बिनसले, म्हणजे तीस वर्षांच्या दुकानाची पाटी परक्याच्या हाती राहते. तेव्हा नोंद आपल्या नावे, आपल्या ई-मेलवर व आपल्या टेलिफोनवर असावी. नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवावी. यात चूक केवळ लहानांचीच होते असे नव्हे. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीकडून 'पासपोर्ट डॉट कॉम' चे अवघे ३५ डॉलरचे भाडे भरावयाचे राहिले, आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांस आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी एका त्रयस्थ सज्जनाने ते पैसे भरले.

आपल्या भाषेपुरतीही एक सोय झाली आहे. सन २०१४ पासून देवनागरी लिपीत 'डॉट भारत' हा शेवट उपलब्ध आहे, आणि त्यात मराठी नाव मराठी अक्षरांत नोंदता येते. ई-मेलसारख्या काही ठिकाणी अशा नावांची अद्याप अडचण होते, म्हणून रोमन अक्षरांतील नावाच्या जोडीने ते घ्यावे, असे आम्ही सुचवू.

शेवटी कार्यकारी मंडळास एक नम्र विनंती आहे. आपल्या कार्यालयात एका रविवारी सकाळी या विषयाची माहिती असलेल्या चार-पाच तरुणांस बसवावे आणि ज्ञातीतील प्रत्येक लहान व्यावसायिकास त्याचे नाव त्याच्याच ताब्यात आहे की नाही हे तपासून द्यावे. नसल्यास रीतसर करून द्यावे. यास मोठा निधी लागणार नाही. ज्या तरुणांस या व्यापाराची हौस आहे, त्यांची हौसही या कामातून भागेल व त्यांस खरे गिऱ्हाईक कसे असते ते समजेल. आणि सेवानिवृत्त बांधवांस एवढेच सांगणे की, या खेळात घालावयाचा पैसा तो असावा, जो गेला असता घरात विचारणा होणार नाही.