खरकटं कुणाचं, अंडं कुणाचं?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण सातबाऱ्यावर बोललो, दारूच्या गुत्त्यांवर बोललो. आता मला बोलायचंय कोंबड्यांवर. हसू नका! इथे बसलेल्यांतल्या निम्म्या जणींच्या परड्यात खुराडं आहे. मीटिंग लांबली की 'कोंबड्या कोंडायच्या राहिल्यात' म्हणून तुम्हीच उठता.

सरकारी पत्रकं सांगतात, परसातली कोंबडी म्हणजे बिनखर्ची धंदा. घरचं खरकटं खाते, उकिरडा उकरते, अंडी देते. खर्च शून्य. हा शून्य जरा उघडून बघू. पहाटे खुराडं कोण उघडतं? तांदळाच्या धुवणात कोंडा कोण कालवतं? माशांची डोकी, कोळंबीची सालं बाजूला कोण ठेवतं? खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवून एकवीस दिवस मोजायचे, मग पिल्लांवर घारीचं आणि मुंगसाचं लक्ष म्हणून आपलं लक्ष. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख भरले, आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त. एवढे पक्षी आपोआप वाढत नाहीत. बाईचे कष्ट हिशेबात धरले नाहीत की कुठलाही धंदा बिनखर्चीच दिसतो.

आता खरकट्याकडे येऊ. घरात उरलंसुरलं कुणाच्या वाट्याला जातं? गटारीला कोंबडी शिजते. फोडी पुरुषांच्या ताटात, तंगडी मुलाला, आणि शेवटी बसणाऱ्या बाईला मान आणि रस्सा. त्यातूनही उरलं तर दुसऱ्या दिवशी तीच ठरवते, हे कुत्र्याला, हे कोंबडीला, हे मी खाईन. वास आलेलं, आंबलेलं कालवण 'टाकायचं कशाला' म्हणून स्वतः खाणाऱ्या बाया मी खूप पाहिल्यात. याला कुणी काटकसर म्हणू नये. तसलं अन्न बाईनेही खाऊ नये आणि कोंबडीलाही घालू नये. नासलेल्या मांसातल्या विषाने कोंबडीची मान लुळी पडते, पाय जातात, ती मरते.

मग मांस घालायचंच नाही का? तसं नाही. कोंबडी काही माळकरी नव्हे. वाळवी, किडे, गांडूळ, मिळेल ते ती खाते, आणि तिला ते लागतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात शंभर भागांत सोळा-सतरा भाग तरी प्रथिनं हवीत. तांदळात ती साधारण सात असतात, ज्वारीत दहा. नुसत्या कणीवर ठेवलेली कोंबडी अंडी कमी देते, त्यात तिचा दोष नाही. माशांची डोकी उकडून घाला. सुकट घालायची तर आधी पाण्यात धुऊन मीठ काढा. जास्त मिठाने कोंबडी मरते. ताटातलं शिजलेलं मटण ताजं असेल, फार खारट नसेल, तर बारीक करून थोडं घाला. बुरशी आलेली भाकरी किंवा पेंड मात्र नको, ती लिव्हरवर जाते.

सगळ्यात धोक्याचं आहे ते कच्चं कोंबडीचं मांस. आज दुकानातली कोंबडी पिशवीतून घरी येते. कातडी, आतडी, पिसं आणि धुतलेलं पाणी मागच्या दारी जातं, आणि आपल्या कोंबड्या धावत येतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग असलेल्या कोंबडीच्या मांसात आणि आतड्यांत त्याचे विषाणू असतात. बर्फात ठेवून ते मरत नाहीत. काही दिवसांत हिरवी हगवण, मान पिळवटलेली, आणि खुराडं रिकामं. बाया म्हणतात, रोग वाऱ्याने आला. कधी कधी तो आपणच पिशवीतून आणलेला असतो. बर्ड फ्लूही असाच येऊ शकतो. चांगलं उकळलं की दोन्ही विषाणू मरतात. पण कच्ची घाण उकळत बसण्यापेक्षा खोल खड्ड्यात पुरा, आणि धुतलेलं पाणी कोंबड्या जात नाहीत तिथे टाका.

इंग्लंडात २००१ साली लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. तिचा माग डुकरांना घातलेल्या न उकळलेल्या खरकट्यापर्यंत लागला. आज तिथे मांस शिजणाऱ्या स्वयंपाकघरातलं काहीही, अगदी भाजीचं देठसुद्धा, परसातल्या कोंबडीला घालायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे असा कायदा आणावा, असं मला वाटत नाही. त्याने बाईच्या हातातलं खाद्य जाईल, आणि रोग मोठ्या शेडमधून यायचा तो येतच राहील. आपल्याला हवी आहे माहिती, आणि ती ताट घासणाऱ्या बाईपर्यंत पोचायला हवी. जनावरांच्या दवाखान्यातलं शिबिर दुपारी असतं, तिथे पुरुष जाऊन बसतात, आणि खरकटं टाकणारी बाई तेव्हा शेतावर असते.

२००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. मोठ्या शेडबरोबर आसपासच्या गावांतल्या घरगुती कोंबड्याही मारल्या गेल्या. २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. अशा वेळी पंचनाम्यात मालक म्हणून कुणाचं नाव लागतं, हे आपापल्या गावात विचारून बघा.

कारण मालकीचं गणित मोठं मजेचं आहे. आठ कोंबड्या असेपर्यंत त्या बाईच्या. अंडी विकून वही येते, मीठ येतं, माहेरच्या एस.टी.चं भाडं निघतं. गिरिराज, वनराजची पन्नास पिल्लं आणली की धंदा घराचा होतो आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात. आठ असतानासुद्धा पाहुणे आले की तिला न विचारता अंड्यावरची तलंग कापली जाते. कोंबड्या वाढवायच्या ठरवाल तेव्हा खातं कुणाचं, हेही त्याच दिवशी ठरवा.

आता लशीचं. मानमोडीवर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब, सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण अशी की कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? एकटीला जमत नाही ते वाडीला जमतं. टांझानिया, मोझांबिकमध्ये शिकवून तयार केलेल्या गावच्या बायाही घरोघर जाऊन असे थेंब घालतात आणि त्याचे थोडे पैसे घेतात. डोळ्यात थेंब टाकायला पदवी लागत नाही.

म्हणून जेवणं झाली की दाराजवळच्या टेबलाशी या. तुमचं नाव, वाडी, मोठ्या कोंबड्या किती, पिल्लं किती, एवढं लिहून द्या. नाव स्वतःचं द्या, नवऱ्याचं नको. शंभरी भरली की त्या वाडीची तारीख ठरवू. लस देण्याआधी कोंबड्या कोंडलेल्या लागतील, म्हणून सूर्य उगवायच्या आत येऊ. बर्फाचा डबा आम्ही आणतो.